जॉन वुडन : मोजे घालायला शिकवणारे प्रशिक्षक



आपल्या पटांगणावर खो-खोचे दोन खांब आहेत आणि फक्कीने आखलेले कबड्डीचे मैदान आहे. बास्केटबॉलचा खांब नाही. मग त्या खेळाच्या प्रशिक्षकाची माहिती मी का लिहितो, असे तुम्ही विचाराल. कारण हा माणूस शेतकऱ्याचा मुलगा होता आणि पेशाने शाळामास्तर होता. त्याने सांगितलेली गोष्ट आपल्या निकालाच्या दिवशी फार कामाची आहे. गुरुजींनी खेळाच्या तासाला ती सांगितली, तेव्हा मी टिपण काढले होते. त्यावरून हा पाठ लिहीत आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे. बास्केट म्हणजे टोपली. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने फळांच्या टोपल्या उंचावर टांगून हा खेळ सुरू केला. एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. चेंडू १० फूट उंचीवरच्या कड्यातून खाली पडला की गुण मिळतात.

बालपण

जॉन वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात हॉल या खेड्यात झाला. पुढे ते सेंटरटन गावाजवळच्या शेतात वाढले. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. अमेरिकेत सगळे श्रीमंतच असतात असे आपल्याला वाटते, पण तसे काही नाही. वडिलांनी टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढून ती गोठ्याच्या भिंतीला ठोकली आणि आईने जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू केला. आपणही चिंध्यांचा चेंडू करतोच की!

पुढे वाईट दिवस आले. डुकरांना टोचलेली लस खराब निघाली, डुकरे मेली. त्यात दुष्काळ. कर्ज फिटले नाही आणि शेत गेले. पण वडिलांनी कुणाला बोल लावला नाही. खोटे बोलू नये, फसवू नये, चोरी करू नये. रडगाणे गाऊ नये, तक्रार करू नये, सबबी सांगू नयेत, असे ते मुलांना सांगत. जॉनने हे आयुष्यभर लक्षात ठेवले.

मग कुटुंब मार्टिन्सव्हिल गावी राहायला गेले. तिथल्या शाळेच्या संघातून खेळताना जॉनने १९२७ साली राज्याचे अजिंक्यपद मिळवले. नंतर पर्ड्यू विद्यापीठात तो नामांकित खेळाडू झाला. १९३२ साली इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाला. त्याच वर्षी नेल या शाळेपासूनच्या मैत्रिणीशी त्याचे लग्न झाले.

मार्क आणि यश

वुडन हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवू लागले आणि खेळाचे प्रशिक्षणही देऊ लागले. तिथे एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. मुलाला वरची श्रेणी मिळाली नाही की आईवडील म्हणायचे, मुलगा नापास झाल्यासारखाच, आणि मास्तरही कमी पडले. पण मुलाने जिवापाड अभ्यास केलेला असायचा! म्हणून १९३४ साली वुडन यांनी यशाची आपली व्याख्या तयार केली. तिचा अर्थ असा : आपल्याला जितके चांगले होता येईल तितके होण्यासाठी आपण पूर्ण प्रयत्न केला, हे स्वतःला ठाऊक असल्यामुळे मनाला जे समाधान मिळते, ते यश. म्हणजे शेजारच्या बंड्यापेक्षा किती जास्त मार्क पडले, हे त्यात येतच नाही.

ही व्याख्या नीट समजावी म्हणून त्यांनी यशाचा मनोरा काढला. तो १९४८ साली पुरा झाला. त्यात १५ ठोकळे आहेत : खाली पाच, मग चार, तीन, दोन आणि वर एक. आपण गोकुळाष्टमीला थर लावतो तसेच समजा. वरचा गोविंदा सगळ्यांना दिसतो, पण भार असतो खालच्या थरावर. वुडन यांच्या खालच्या थराच्या दोन कोपऱ्यांत मेहनत आणि उत्साह आहेत. त्यांच्या मध्ये मैत्री, निष्ठा आणि सहकार्य.

पंगतीतून एकाला उठवले तर?

१९४६ साली नौदलातील नोकरी संपल्यावर वुडन इंडियाना राज्याच्या शिक्षक महाविद्यालयात प्रशिक्षक झाले. १९४७ साली त्यांच्या संघाला एका राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले. पण त्या स्पर्धेत काळ्या वर्णाच्या खेळाडूंना मनाई होती आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा काळा मुलगा होता. तो काही मुख्य खेळाडू नव्हता, राखीव होता. त्याला घरी ठेवून बाकीच्यांना नेता आले असते. वुडन यांनी आमंत्रणच नाकारले.

मला हे सर्वांत आवडले. पंगतीतून एकाला उठवले तर बाकीच्यांनी जेवत बसायचे का? पुढच्या वर्षी, १९४८ साली, मनाई उठली. वॉकर संघाबरोबर गेला. त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला काळा खेळाडू ठरला. संघ अंतिम सामन्यात हरला. पण हे हरणे मला जिंकण्यासारखेच वाटते.

सोळा वर्षांची वाट

१९४८ सालीच त्यांना मिनेसोटा विद्यापीठात जायचे होते. पण हिमवादळामुळे तिकडचा फोन ठरल्या वेळी आला नाही. तेवढ्यात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा फोन आला आणि वुडन यांनी होकार दिला. थोड्या वेळाने मिनेसोटाचा फोन आलाच! पण शब्द दिला तो दिला. ते लॉस एंजेलिसला गेले.

तिथे सरावाची जागा जुनी आणि कोंदट होती. शेजारी कुस्ती आणि कसरतीचे विद्यार्थी असत. धुळीवरून पाय घसरू नये म्हणून वुडन स्वतः जमीन पुसून घेत. असे करता करता सोळाव्या हंगामात, म्हणजे १९६४ साली, त्यांच्या संघाने पहिल्यांदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मग १९६५ साली, १९६७ ते १९७३ सलग सात वर्षे आणि १९७५ साली. बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे! पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाला हे जमलेले नाही. १९७१ ते १९७४ या काळात त्यांच्या संघाने सलग ८८ सामने जिंकले. त्या विद्यापीठात त्यांचे एकूण विजय ६२० आणि पराभव १४७. करीम अब्दुल-जब्बार व बिल वॉल्टन हे प्रसिद्ध खेळाडू त्यांचेच विद्यार्थी.

मोज्यांचा धडा

एवढे मोठे प्रशिक्षक पहिल्या दिवशी काय शिकवत असतील? चेंडू टाकायला? नाही. मोजे घालायला! मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव चुकतो, सराव चुकला की सामना हातचा जातो. आपल्याकडे जुवाने बैलाचा खांदा सुजला की नांगर उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार. मोठे काम बारीक गोष्टीवर अडते.

रोज सकाळी ते सरावाचा आराखडा कागदाच्या लहान पत्त्यावर लिहीत. दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात त्यांचा सराव बसून पाहिला. वुडन यांच्या बोलण्यात निम्म्याहून अधिक वाक्ये 'असे कर' हे दाखवणारी होती. शाबासकी थोडी आणि रागावणेही थोडेच.

निवृत्ती

१९७५ साली दहावे अजिंक्यपद मिळवून ते निवृत्त झाले. नंतर पस्तीस वर्षे ते साध्या घरात राहिले, पुस्तके लिहिली, भेटायला येणाऱ्यांना शिकवत राहिले. २१ मार्च १९८५ रोजी पत्नी नेल वारल्या. त्यानंतर दर महिन्याच्या २१ तारखेला ते त्यांना पत्र लिहून बिछान्यावर ठेवत. २००३ साली त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळाले. ४ जून २०१० रोजी वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सांगा पाहू

१. वुडन यांच्या यशाच्या व्याख्येत दुसऱ्याचे मार्क का येत नाहीत?

२. वॉकर राखीव खेळाडू होता. तरी आमंत्रण नाकारणे योग्य होते का? कारण सांगा.

३. आपल्या खो-खोच्या सरावात 'मोज्याची सुरकुती' कोणती?

४. (पालकांसाठी) निकाल हातात आल्यावर "किती पडले?" हे विचाराच. पण त्याच्या आधी कोणता प्रश्न विचाराल?