स्तनाचा कर्करोग : त्रास सांगा, गोळी सोडू नका

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन करून नागपूर-मुंबईहून केळापुरात परतलेल्या अनेक भगिनींना टॅमॉक्सिफेनची गोळी निदान ५ वर्षे रोज घ्यावी लागते. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणाऱ्या गाठीला ती इस्ट्रोजेनचा लाभ मिळू देत नाही. त्यामुळेच पाळी जाताना होतात तसे त्रास सुरू होतात : अंगातून वाफा, रात्री घाम, झोपमोड, चिडचिड, योनीमार्गाचा कोरडेपणा. 'उन्हाळाच आहे' म्हणून घरचे दुर्लक्ष करतात, लाजेने बाई बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. खरा धोका इथेच आहे. उपचार अर्धवट सोडल्यास रोग उलटण्याची शक्यता वाढते.

सैल सुती कपडे वापरा, चहा व तिखट कमी करा, रोज चाला. कोरडेपणावर संप्रेरकविरहित जेल मिळते. वाफांवरही औषधे आहेत. मात्र इस्ट्रोजेनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. पॅरोक्सेटिनसारखी औषधे टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात, म्हणून प्रत्येक डॉक्टरला चालू गोळी दाखवा. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्रास फारच झाला तर गोळी बदलून मिळू शकते. तो निर्णय तज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.