क्रॉस स्लाइड मोकळी करण्याआधी

अगं, ड्रिल खाली ठेव आधी. सॅडलला भोकं पाडायची घाई कसली? उद्यमनगरात सल्ले फुकट मिळतात, आणि वर्कशॉप बाईचं असलं की जरा जास्तच मिळतात. ‘टेपर अ‍ॅटॅचमेंट बसवून टाक’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती स्वतः बसवली आहे, ते एकदा विचारून बघ.

मला सांग, तुझा टेपर किती लांब आहे आणि असे जॉब किती येतात? कंपाउंडच्या चालीत बसणारा असेल तर हाताने काढ, हातच दुखेल फार तर. दोन सेंटरमध्ये धरायचा एखादा लांब शाफ्ट असेल तर टेलस्टॉक सरकवून काम भागतं. पण तुझ्या ऑर्डरीत स्लीव्ह आहेत ना? टेलस्टॉक सरकवून आतला टेपर होत नाही. शिवाय जॉबची लांबी थोडी बदलली की कोनही बदलतो. तेव्हा तुझ्या बाबतीत अ‍ॅटॅचमेंट हवीच, हे मला पटलंय.

आता नीट ऐक. लोक अ‍ॅटॅचमेंटच्या गाइड पट्टीचंच कौतुक करतात, पण पट्टी म्हणजे सगळ्यात सोपं काम. एन-८ स्टीलची घे, ग्राइंड करून घे, तिच्यावर सरकणारा गुटका गनमेटलचा कर, झालं. खरी गोम क्रॉस स्लाइडच्या स्क्रूमध्ये आहे. पट्टी तिरपी केली, गुटका लिंकने स्लाइडला जोडला, पण स्क्रूचा नट स्लाइडला धरून बसला असेल तर स्लाइड हलणार कशी? एक तर स्क्रू टेलिस्कोपिक करायचा, म्हणजे त्यावर स्प्लाइन काढून तो लांब-आखूड होईल असा बनवायचा. कारखान्यात बनलेल्या चांगल्या अ‍ॅटॅचमेंटमध्ये तसंच असतं. पण जुन्या लेथवर हे खर्चाचं काम आहे, त्या वाटेला जाऊ नकोस. साधा मार्ग म्हणजे नट सोडायचा. तुझ्या लेथवर तो स्लाइडच्या वरून एका बोल्टने धरलाय का, ते आजच बघ. तसा असेल तर बोल्ट काढला की स्लाइड मोकळी. मग कट द्यायला कंपाउंड फिरवून क्रॉस स्लाइडच्या दिशेला लावायचा. बोल्टच्या भोकात बूच मात्र ठोक. चिप्स खाली स्क्रूवर पडल्या तर नट खराब व्हायला वेळ लागत नाही.

बेडला आणि सॅडलला कायमचं काही करू नकोस, हे मात्र तुला अगदी आपलेपणाने सांगते. उद्या मशीन विकायचं झालं तर भोकं पाडलेल्या सॅडलकडे बोट दाखवून गिऱ्हाईक भाव पाडतो. पट्टीचे दोन्ही ब्रॅकेट बेडच्या मागच्या कडेला क्लॅम्पने पकड. कास्टिंगच्या भानगडीत पडू नकोस, एका नगासाठी पॅटर्नचा खर्च परवडत नाही. जाड प्लेट वेल्ड कर, स्ट्रेस रिलीव्ह करून घे, मगच मशिनिंग. बेडची मागची बाजू बहुतेक कच्ची ओतीव असते, म्हणून ब्रॅकेटला जॅक स्क्रू ठेव आणि सॅडलवर डायल लावून पट्टीची उंची या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी कर. नाहीतर गुटका मधेच अडकेल. लिंकच्या पिनची भोकं रीमरने काढ, नुसत्या ड्रिलने नको. तिथला ढिलेपणा थेट जॉबवर उमटतो.

आणि एक गंमत. जुना बेड चकजवळ झिजलेला असतो, म्हणून तू रडत होतीस ना? नट सोडल्यावर टूलची आडवी जागा पट्टी ठरवते, सॅडल नव्हे. त्यामुळे झिजेचा आडवा दोष बराचसा बाजूला पडतो. पट्टी सरळ लावून साधा शाफ्ट टर्न करून बघ कधीतरी.

कोन लावताना डिग्रीच्या रेघांवर विश्वास ठेवू नकोस. मोर्स टेपर सगळे एकाच उताराचे असतात असं आपल्याकडे अर्धे टर्नर धरून चालतात, ते खोटं आहे. एमटी-३ चा उतार व्यासावर १:१९.९२२, एमटी-४ चा १:१९.२५४. म्हणजे सॅडल १०० मिमी सरकलं की एमटी-३ ला टूल २.५१ मिमी सरकायला हवं, एमटी-४ ला २.६० मिमी. हा फरक रेघांवर दिसणार नाही. त्याच टेपरची चांगली टेस्ट मॅन्ड्रेल सेंटरमध्ये धर, टूल पोस्टवरून तिच्या टेपरला डायल लाव, लिंक जोडून सॅडल चालव. काटा जागचा हलला नाही की कोन बसला. मग एक स्लीव्ह काढून ब्लू लावून बघ. टूल सेंटरच्या उंचीला नेमकं ठेव, वर-खाली राहिलं तर पट्टीवर लावलेला टेपर जॉबवर तसाच येत नाही.

कट घेताना टूल जॉबच्या बाहेरून, दहा-पंधरा मिमी आधीपासून चालव, म्हणजे लिंकमधला ढिलेपणा तिथेच संपतो. फिनिश कट नेहमी एकाच दिशेने. स्लाइडची जिब मात्र तुझ्या म्हाताऱ्या टर्नर मामांकडून आवळून घे. ते आधी ‘कशाला हवं हे’ म्हणतील, म्हणू दे. मोकळी स्लाइड किती घट्ट हवी, हे त्यांच्या हाताला कळतं, आणि एकदा त्यांनी जिब लावली की ती अ‍ॅटॅचमेंट त्यांचीही होते.

अगं हो, तुझा लेथ भिंतीला चिकटवून ठेवलाय ना? पट्टी, ब्रॅकेट, गुटका, सगळं मागे बाहेर येणार. म्हणजे आधी मशीन पुढे ओढावं लागेल, आणि ओढलं की लेव्हल पुन्हा बघावी लागेल. स्पिरिट लेव्हल माझ्याकडची घेऊन जा, चांगली आहे. फक्त वर्कशॉपमधल्या एखाद्या पोराच्या हातात देऊ नकोस.