आधी दम मोज, मग जागा

उद्यापासून सर्व्हर रूमच्या किल्ल्या तुझ्याकडे. व्हीएमसाठी नवं एनएफएस स्टोरेज घ्यायचंय ना, मग कोटेशन मागवण्याआधी एवढं ऐकून ठेव.

किती टीबी, हे शेवटी विचार. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण रहाट एकच आणि घागरी घेऊन वीस जण उभे, अशी व्हीएमची गत होते. 7,200 आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण 80 आयओ झेपवते. 20 व्हीएम, प्रत्येकी 30 आयओ, म्हणजे 600. त्यातले निम्मे राइट धर. रेड 5 मध्ये एका छोट्या राइटसाठी डिस्ककडे चार खेपा होतात, रेड 10 मध्ये दोन. म्हणजे रेड 5 ला 1,500 आयओ, 19 डिस्क. रेड 10 ला 900, 12 डिस्क. वरवर स्वस्त दिसणारं रेड 5 इथे महाग पडतं. एसएसडी घेतलीस तर अडचण नेटवर्कवर सरकते: एक गिगाबिटच्या लाइनमधून सेकंदाला 110 एमबीच्या आसपासच जातं.

एनएफएसच्या 'असिंक' पर्यायाच्या वेगाला भुलू नकोस. डेटा डिस्कवर पोचण्याआधीच स्टोरेज "झालं" म्हणून मोकळं होतं. टेस्टमध्ये आकडे झकास येतात. लाइट गेली की व्हीएमची फाइल सिस्टिम बोंबलते.

ईएसएक्सआय असेल तर एकच डेटास्टोअर एका होस्टला एनएफएस 3 नं आणि दुसऱ्याला 4.1 नं जोडू नकोस. दोघांची लॉकची पद्धत वेगळी. एकाचं कुलूप दुसऱ्याला दिसत नाही.

जम्बो फ्रेम लावायच्या तर होस्ट, स्विच, स्टोरेज सगळीकडे एमटीयू 9000. एक पोर्ट 1500 वर राहिला तरी साधा पिंग जातो, माउंटही होतं, आणि मोठी कॉपी मात्र लटकते. म्हणून फ्रॅगमेंट न करता 8972 बाइटचा पिंग मारून बघायचा.

शेवटचं, माझ्या चुकीतून शिकलेलं. मी स्टोरेज नावानं माउंट केलं होतं, आणि ते नाव सांगणारा डीएनएस सर्व्हर त्याच स्टोरेजवर व्हीएम म्हणून ठेवला होता. एका रात्री लाइट जाऊन आली. होस्टला स्टोरेज सापडेना, कारण डीएनएस बंद. डीएनएस उठेना, कारण स्टोरेज नाही. तेव्हापासून मी आयपीनंच माउंट करतो, आणि एक डीएनएस वेगळ्या मशीनवर ठेवतो.

कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावायचं नाही. या घे किल्ल्या.