हरणांसाठी रायफल कोणती घ्यावी?

प्रश्न : उमरी शिवारात हरणांचे कळप हरभऱ्याचे शेंडे खुडून नेतात. पहिलीच रायफल घ्यायची आहे. ३१५ बोअर चालेल का? काडतुसं कोणती?

उत्तर : दादा, रायफल घेऊ नका. तुमच्या रानातली ही हरणं म्हणजे बहुधा काळविटं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. शिकारीला किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि निदान २५,००० रुपये दंड. पीक खाल्लं म्हणून त्याला मारायची परवानगी मिळतच नाही. पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना हातात असला, तरी गुन्हा तो गुन्हाच.

तुमचं नुकसान मात्र खरं आहे आणि त्याची भरपाई सरकार देतं. तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. सातबारा जोडा. खुडलेले शेंडे, खुरांचे ठसे यांचे फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत ते रान नांगरू नका. पुढच्या रब्बीत बांधाकडेनं करडईचा दाट काटेरी पट्टा पेरा. जमल्यास सौर झटका कुंपण करा. तारेत थेट वीज कधीही सोडू नका, माणसं मरतात. अडचण आली तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.