वारज्याहून पहिल्यांदा गडावर निघताना

शनिवारी रात्री ग्रुपवर बेत ठरतो तो फक्त सिंहगडाचा. सकाळी निघेपर्यंत त्यात खडकवासल्याच्या चौपाटीवरची कणसं येतात, गडावर पोचल्यावर कुणाला तरी पानशेत आठवतं, आणि दिवस मावळला तरी चौघं जण घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, उपाशी, बॅटरी संपलेले मोबाइल घेऊन उभे असतात. पहिल्या भटकंतीतले घोळ कड्यावरच होतात असं नाही, ते असे वाढत गेलेल्या बेतातून होतात. म्हणून शिक्षण-नोकरीसाठी वारजे, माळवाडी, शिवणे भागात नव्याने राहायला आलेल्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं हेच: किती वाजता परत फिरायचं ते घरून निघण्यापूर्वी ठरवा आणि ती वेळ पाळा.

गडावर जाण्याआधी एक सकाळ वारज्याच्या टेकडीला द्या. २०२० च्या जागतिक पर्यावरणदिनी केंद्र सरकारने नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारज्याचंच शहरी वन पुढे ठेवलं होतं. गडावर नेणार असाल तेच बूट घाला, सॅकमध्ये दोन लिटर पाणी भरा आणि तासभर चढ-उतार करा. बूट कुठे चावतात, दम कधी लागतो, हे इथे कळलेलं बरं. टेकडीवरही एकटं आणि अंधारात जाऊ नका.

पहिला गड म्हणून सिंहगड चांगलाच. आतकरवाडीची वाट मळलेली आहे, रविवारी माणसांची जाग असते, वर पिठलं-भाकरी आणि दही मिळतं. पण सोपी वाट म्हणून उशिरा निघू नका. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. सराव असलेले तासाभरात चढतात, नवख्यांनी दोन तास धरावेत. मार्च ते मे या वाटेवर सावली जवळजवळ नाही. सहा वाजता पायथा सोडा, आणि अकरा वाजले की जिथे असाल तिथून उतरायला लागा. पुणे दरवाजा दिसत असला तरीसुद्धा. उतरताना मुरुमावरून पाय सटकतो आणि गुडघे बोलायला लागतात, त्यासाठी ताकद राखून ठेवावी लागते. प्रत्येकाने आपलं दोन-तीन लिटर पाणी स्वतः न्यावं, मीठ-साखरेच्या पुड्या आणि टॉर्चही. संध्याकाळी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच दिसेनासं होतं.

गडावर पोचलं की गट फुटतो. कुणी फोटोला, कुणी भज्यांना, कुणी आडोशाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मित्रांबरोबर आलेला २४ वर्षांचा एक तरुण तानाजी कड्याच्या भागातून, लघुशंकेला जाऊन येतो म्हणून गेला आणि दिसेनासा झाला. पाऊस आणि धुक्यात बचाव पथकं दिवसच्या दिवस शोधत होती. तो जिवंत सापडला, हे फार मोठं. धुक्यात कड्याची धार चार पावलांवरूनही कळत नाही. तेव्हा आडोशाला जाणाऱ्याबरोबर दुसऱ्याने जावं, हाकेच्या अंतरावर थांबावं. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि सगळ्यांत मागे चालणारा कोण, हे पायथ्याशीच ठरवा. त्याच्यामागे कुणी राहता कामा नये.

पावसाळ्यात पहिली भटकंती करणार असाल तर धबधब्याखाली जाऊच नका. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. उभे राहिले तेव्हा पाणी बेताचंच होतं. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही, लोंढा येतो तेव्हा पळायला क्षण उरत नाहीत. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज बदलला, की सामान टाकून बाजूच्या उंचवट्यावर चढा. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. जुन्या साकवावर आधीच घोळका असेल तर पलीकडे जायचा हट्ट सोडा. आपल्याकडे शिवणे–नांदेड पूलही खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू झाला की पाण्याखाली जातो. त्यामुळे सिंहगड रस्त्याकडे जाण्यापूर्वी विसर्गाची बातमी बघा. जिल्हाधिकाऱ्यांची बंदी ज्या ठिकाणी असेल, ते ठिकाण त्या आठवड्यापुरतं विसरा.

पैसे भरून ट्रेकिंग ग्रुपबरोबर जाणारेही पुष्कळ आहेत. तिथे फोटो बघून नाव नोंदवू नका, फोन करून विचारा. किती माणसं, वाटाडे किती, त्यांच्यापैकी प्रथमोपचार शिकलेले किती, गावातला माणूस सोबत आहे का, पाऊस वाढला तर काय करणार? राज्य सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून लागू आहे, त्यानुसार नोंदणी केली आहे का, हेही विचारा. हे प्रश्न ऐकून जो चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नये. एकट्या जाणाऱ्या मुलींनी परतीची गाडी किती वाजता आणि कुठे सोडणार, हे लेखी घ्यावं.

घरी किंवा खोलीवरच्या मित्राला निघताना एक संदेश पाठवा: कुठला गड, कुठली वाट, सोबत कोण, गाडीचा क्रमांक, खाली उतरायची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं. रेंज नसलेल्या दरीत अडकलात तर शोधणाऱ्यांना या चार ओळीच उपयोगी पडतात.

सिंहगड जमला की राजगड खुणावतो. पहिल्या खेपेला गुंजवण्याच्या चोर दरवाजाऐवजी पाली दरवाजाने चढा, ती वाट रुंद आणि पायऱ्यांची आहे. आग्या मोहळाच्या आसपास अत्तर, धूर, आरडाओरडा नको. पण राजगडाच्या बेतात मला जास्त काळजी वाटते ती परतीच्या रस्त्याची. नसरापूरकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला याच उतारावर एका ट्रकच्या धडकेत चाळीसहून अधिक गाड्या सापडल्या. राजगडाहून वारज्याला परतणारे बहुतेक भटके दिवसभराच्या चालीनंतर, पेंगुळलेल्या डोळ्यांनी इथूनच येतात. तेव्हा बोगद्याच्या आधी, खेड शिवापूरला थांबा. चहा घ्या, तोंडावर पाणी मारा. चालवणाऱ्याचे डोळे मिटत असतील तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्या, दुसरा कुणी नसेल तर तासभर तिथेच पडा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा, अवजड वाहनाच्या पुढ्यात राहू नका, आणि जिथे सेवारस्ता आहे तिथे दुचाकी त्यावरूनच आणा.