सीताफळाला मुंग्या का लागतात?

आमच्या परसात आजीने लावलेले सीताफळ आहे. फळे धरली की खोडावर मुंग्यांची रांग लागते. फळे काळी पडू लागली, तेव्हा झाड तोडायची गोष्ट घरात निघाली. पण खरा चोर निराळाच!

फळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो. तो रस शोषतो आणि गोड, चिकट पाणी सोडतो. त्यावर काळी बुरशी वाढते. मुंग्या त्या गोड पाण्यासाठी येतात. गुराखी गुरे राखतो तशा त्या ढेकणांना राखतात आणि ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट अडवावी.

उपाय :
१) जमिनीला, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात.
२) खोडाला वीतभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी सुतळीने घट्ट बांधावी. खालच्या फटी चिखलाने बुजवाव्यात.
३) पट्टीवर ग्रीस लावावे, सालीवर नको. त्यावर धूळ, पाने चिकटली तर मुंग्यांना पूल मिळतो. म्हणून दर आठवड्याला बघावे.
४) फार किडलेली फळे तोडून पुरावीत.

विषारी पावडर टाकू नये. तिने ढालकिडेही मरतात, आणि फळे तर आपणच खातो!

एक ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळीही पांढरी, कापसासारखीच दिसते, पण ती ढेकूण खाते. पालकांनो, तिला मारू नका बरं का!

– इयत्ता ५ वी, मारुंजी