स्टायलोचे बी आणि गायरानाचे भवितव्य

उष्ण प्रदेशातील कुरणांत स्टायलो या द्विदल चारापिकाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याच्या फुलात बहुतांशी स्वपरागीभवन होते. त्यामुळे वाणाचे गुण पुढील पिढीत जवळजवळ तसेच उतरतात व शेतकऱ्यास घरचे बी राखता येते. परंतु या एकसारखेपणातच धोकाही असतो. उत्तर ऑस्ट्रेलियात १९७३ नंतर करपा या बुरशीजन्य रोगाने टाउन्सव्हिल स्टायलोची विस्तीर्ण कुरणे उद्ध्वस्त केली. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी तीन रोगप्रतिकारक वंशांचे मिश्रण असलेला ‘सिरान’ हा वाण तयार केला. महाराष्ट्रातही पडीक जमिनीवर स्टायलो पेरतात. गायरानासाठी बी निवडताना ग्रामपंचायतींनी एकाच वाणावर विसंबून न राहता रोगप्रतिकारक वाणांचे मिश्रण पेरणे हितावह ठरेल.